लिनक्स ड्रायव्हरमध्ये साफसफाई हाताने करावी की कंपायलरवर सोडावी?

तुमचा प्रश्न असा आहे: आयटूसी (चिप जोडायची दोन तारांची बस) सेन्सरचा ड्रायव्हर लिहिताय, प्रोब फंक्शनमध्ये (डिव्हाइस सापडलं की चालणारं) चूक झाल्यावर घेतलेलं परत सोडण्यासाठी गोटूची, म्हणजे थेट उडीची, पाच लेबलं झाली आहेत आणि कुणीतरी सांगितलं की आता हे जुनं झालं, गार्ड आणि फ्रीचे (लॉक आणि मेमरी आपोआप सोडणारे) मॅक्रो वापर. तर ऐकावं का?

अर्धं ऐका. 'स्वयंचलित' म्हणून जे सांगतात त्या मुळात दोन वेगळ्या सोयी आहेत आणि बहुतेक गोंधळ त्या एक समजल्यामुळे होतो.

गोटूची पद्धत वाईट नाही, हे आधी सांगतो. मेमरी घेतली, मग रेग्युलेटर (चिपचा वीजपुरवठा) चालू केला, मग इंटरप्ट (चिपकडून येणारी हाक) मागितला. तिसरी पायरी फसली की दुसऱ्या पायरीच्या लेबलावर उडी मारायची आणि उलट्या क्रमाने सोडत खाली यायचं. सगळं डोळ्यांसमोर असतं. अडचण वर्षभराने येते. कुणीतरी मधेच एक पायरी घुसवतो आणि लेबल बदलायचं राहून जातं. एरर पाथ टेस्टिंगमध्ये सहसा चालतच नाही, त्यामुळे गळती कुणाच्या लक्षात येत नाही. डिव्हाइस ट्रीच्या (हार्डवेअरचं वर्णन देणारी रचना) चाइल्ड नोड्सवर फिरणाऱ्या लूपमधून मधेच रिटर्न करणं हा यातला नेहमीचा प्रकार. नोडचा रेफरन्स (तो वापरात असल्याची नोंद) तसाच अडकून राहतो. म्हणून तर आता त्या लूपचे 'स्कोप्ड' (रेफरन्स आपोआप सोडणारे) अवतार आले आहेत.

आता पहिली सोय: डेव्हएम, म्हणजे devm_ ने सुरू होणारी फंक्शन्स. ही २००७ पासून, म्हणजे २.६.२१ पासून कर्नलमध्ये आहे. डेव्हएमने घेतलेली वस्तू डिव्हाइसच्या नावावर नोंदली जाते. प्रोब फसला किंवा ड्रायव्हर डिव्हाइसपासून सुटला की सगळं उलट्या क्रमाने परत जातं. दुसरी सोय, म्हणजे ते गार्ड आणि फ्रीचे मॅक्रो, २०२३ मध्ये ६.५ सोबत आली. जीसीसी आणि क्लँग या कंपायलरांच्या क्लीनअप ॲट्रिब्यूटवर ती उभी आहे. व्हेरिएबल स्कोपबाहेर, म्हणजे ज्या महिरपी कंसांत घोषित केलं त्यांच्या बाहेर, गेलं की ठरवलेलं फंक्शन आपोआप चालतं. लॉक सुटतो, पॉइंटर मोकळा होतो.

म्हणजे एक सोय डिव्हाइसच्या आयुष्याला बांधलेली आणि दुसरी कंसांच्या जोडीला. तुम्ही वस्तू घेताना विचारायचं ते एवढंच: ही कुठपर्यंत जगणार? फंक्शनपुरती असेल तर गार्ड किंवा फ्री. ड्रायव्हर जोडलेला असेपर्यंत हवी असेल तर डेव्हएम. आणि या दोन्हींत बसत नसेल तर रेफरन्स काउंट (किती जण वापरतात त्याची मोजणी, शून्यावर आली की सोडायचं), तोही हातानेच. तिसरा प्रकार लोक विसरतात. समजा कॅरेक्टर डिव्हाइसची खासगी स्ट्रक्चर डेव्हएमने घेतली आणि कुणी फाइल उघडी ठेवून यूएसबी उपटलं. ड्रायव्हर सुटला, मेमरी गेली, पण फाइल अजून उघडीच! पुढच्या रीडला यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे सोडलेल्या मेमरीचा वापर. गोटू लिहिणाऱ्याला निदान 'हे कधी सोडू?' असा विचार करावा लागतो. डेव्हएम तो विचारच करू देत नाही, ही माझी त्याच्याबद्दलची जुनी तक्रार.

सगळ्यात जास्त मार बसतो तो सरमिसळीमुळे. इंटरप्ट डेव्हएमने मागितला आणि रेग्युलेटर रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर सुटताना चालणारं फंक्शन) हाताने बंद केला, असं धरा. रिमूव्ह आधी चालतं, डेव्हएमची आवराआवर त्यानंतर. मधल्या वेळात इंटरप्ट आला तर हँडलर वीज गेलेल्या चिपशी बोलायला जातो. म्हणून एकदा डेव्हएम धरलं की निदान त्या पायरीच्या आधीचं सगळं त्यातच. तयार फंक्शन नसेल तिथे डेव्हएमची ॲक्शन जोडायची सोय आहेच.

क्लीनअप मॅक्रोंचंही तसंच. एकाच फंक्शनमध्ये गोटू आणि फ्री एकत्र नकोत, हे कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलेलं आहे. क्लीनअप लावलेल्या व्हेरिएबलच्या घोषणेवरून गोटूने उडी मारली तर क्लँग एरर देतो. जीसीसी मुकाट्याने कंपाइल करतो आणि कचरा पॉइंटरवर क्लीनअप चालतं. दुसरा सापळा क्रमाचा. सवयीने पॉइंटर वर नल म्हणून घोषित केला आणि खाली म्युटेक्सचा (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक) गार्ड लावला, तर बाहेर पडताना लॉक आधी सुटतो आणि वस्तू लॉकशिवाय मोकळी होते. त्यामुळे घोषणा आणि वस्तू घेणं एकाच ओळीत ठेवा, मग ती ओळ फंक्शनच्या मध्यात आली तरी चालेल. आणि पॉइंटर कॉलरला द्यायचा असेल तर साधा रिटर्न नको, मालकी सोडणारा मॅक्रो वापरा. नाहीतर मोकळी केलेली मेमरीच हातात द्याल.

पॅच कुठे पाठवणार यावरही बरंच अवलंबून आहे. कर्नलचे नेटवर्किंगवाले या सगळ्याकडे अजून संशयानेच बघतात: वीस ओळींपेक्षा मोठ्या फंक्शनमध्ये गार्ड नको, ड्रायव्हरमध्ये थेट फ्री नको, असं त्यांच्या नियमांतच आहे. मला हा हट्ट थोडा जास्त वाटतो, पण त्यांच्या घरी त्यांचे नियम.

तुमचा सेन्सर आयआयओमध्ये (कर्नलचा सेन्सरांचा विभाग) जाईल, तिथे वातावरण उलट आहे. अलोकेशन, रेग्युलेटर, थ्रेडेड इंटरप्ट आणि शेवटी रजिस्टर (डिव्हाइस वापरासाठी खुलं करणं), चारही डेव्हएमने करा. रजिस्टर शेवटी, म्हणजे सुटताना तेच सगळ्यात आधी निघेल. रीड फंक्शनमध्ये म्युटेक्सला गार्ड लावा. पाचही लेबलं जातील, आणि रिमूव्ह फंक्शन बहुधा लिहावंच लागणार नाही.