रोध, विरोध आणि नदीचा काठ

डिचोलीच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, त्यांच्या मुलाला 230 व्होल्ट आणि 8.7 अँपिअर एवढ्या दोन आकड्यांवरून गीझरच्या कॉइलचा रेझिस्टन्स आणि पॉवर काढायची होती. शाळेत पाचवीपासून सारे इंग्रजीतून, घरी आजोबा रेझिस्टन्सला ‘विरोध’ म्हणतात, एका हिंदी चित्रफितीत ‘प्रतिरोध’ ऐकू आले, तर मराठीत नेमके काय म्हणावे, आणि पॉवरला ‘शक्ती’ म्हणावे की ‘ऊर्जा’? मुलाची उत्तरेही त्यांनी कळवली आहेत: ‘26.4 ओहम’ आणि ‘2001 युनिट’.

गणितात अडण्यासारखे काही नाही. विभवांतराला, म्हणजे व्होल्टमधल्या दाबाला, विद्युतधारेने, म्हणजे अँपिअरमधल्या करंटने, भागले की रोध मिळतो आणि दोहोंचा गुणाकार केला की शक्ती मिळते. शब्द ‘रोध’ हाच. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत तोच आहे आणि तो उत्तम आहे. ‘विरोध’ मात्र कोणीही कृपा करून म्हणू नये, कारण विरोधामागे विरोध करणारा असावा लागतो, त्याचे काही मत असावे लागते. विरोध पर्वरीच्या विधानसभेत असतो, कॉइलमध्ये नसतो.

‘प्रतिरोध’ हा शब्द केंद्रीय परिभाषेत असल्यामुळे आपणही तोच घ्यावा, म्हणजे साऱ्या देशात एकवाक्यता येईल, असे सांगणारे विद्वान आहेत. त्यांच्याशी माझे जुने भांडण आहे. ‘प्रति’ या उपसर्गात उलट फिरून सामना करण्याचा भाव आहे, आणि गीझरची कॉइल उलट काहीच ढकलत नाही. ती वाट अडवते आणि त्या झटापटीत तापते. उलट ढकलण्याचे काम फिरती मोटर करते. तिच्या वेटोळ्यात पुरवठ्याच्या विरुद्ध दिशेचा दाब निर्माण होतो, आणि म्हणूनच चालू मोटरच्या व्होल्टला अँपिअरने भागून येणारा आकडा हा तिच्या तारेचा रोध नसतो. ‘प्रति’ लावायचाच असेल, तर तो त्या उलट्या दाबासाठी राखून ठेवावा.

आता मुद्द्याचे. ‘रोध’ हा रुध् या धातूपासून आला, अडवणे हा त्याचा अर्थ, एवढे कोणीही सांगेल. निरोध, अवरोध ही त्याचीच भावंडे, आणि कचेरीतल्या पत्रांतले ‘आपल्या पत्रास अनुरोधून’ हेही त्याच घरचे, जरी हिंदीत ‘अनुरोध’ विनंती होऊन बसला असला. पण या घराण्यातील मला सर्वांत प्रिय शब्द आहे ‘रोधस्’. त्याचा अर्थ नदीचा काठ. अमरकोशात कूल, तीर, तट यांच्या पंक्तीत तो बसलेला आहे. पाण्याला अडवून धरतो तो रोधस्! रोध आणि रोधस् हे एका धातूचे दोन स्वतंत्र प्रत्ययांनी झालेले शब्द आहेत, एकातून दुसरा निघालेला नाही, हे मला मान्य आहे. तरीही ज्यांनी विजेच्या करंटला ‘धारा’ म्हटले आणि तिच्यासमोर ‘रोध’ आणून ठेवला, त्यांच्या मनात कोठेतरी नदी वाहत असली पाहिजे, हा माझा ग्रह कोणी दूर करू शकलेले नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो की, काठ धारेच्या बाजूला असतो, आडवा नसतो, मग तो अडवतो कसा? आक्षेप घेणाऱ्यांनी तार पाहावी. तारेचा रोध म्हणजे मध्येच टाकलेला धोंडा नव्हे. तो तिच्या साऱ्या लांबीभर पसरलेला असतो. तार दुप्पट लांब केली की रोध दुप्पट होतो, आणि तिचा व्यास दुप्पट केला, म्हणजे काठ एकमेकांपासून दूर नेले, की तो चौथ्या हिश्श्यावर येतो. आणखी पाहा: पावसाळ्यात गावाच्या टोकाच्या घरी दाब 230 वरून 200 व्होल्टवर उतरला, तर त्याच गीझरमधली धारा 7.6 अँपिअरपर्यंत रोडावते आणि शक्ती 1513 वॅटवर येते. दाब 13 टक्क्यांनी उतरला आणि तापवण्याचा वेग मात्र 24 टक्क्यांनी, कारण धारा दाबाबरोबर घटते आणि शक्ती दोहोंच्या गुणाकाराने. रोध तेवढा, तापमानाने पडणारा किरकोळ फरक सोडला तर, 26.4 ओहमच राहतो. धार बारीक झाली तरी काठ जागचे हलले नाहीत.

दिवाडी-चोडणच्या खाजन शेतीचे बांध पाहिलेल्या गोमंतकीयाला हे समजावून सांगण्याची गरजच पडू नये. (तेथील मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, लाकडी दारे भरतीला मिटतात आणि ओहोटीला उघडतात, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देतात. तो रोध नव्हे, तो डायोड.)

जाता जाता, ‘त्याला 230 व्होल्टचा करंट लागला’ हे वाक्य आता पुरे. 230 व्होल्ट हा दाब आहे. करंट किती लागला, हे त्या बिचाऱ्याच्या अंगाचा रोध ठरवतो, आणि म्हणूनच ओल्या हातांनी बटणाला शिवू नये असे सांगतात. तसेच ‘ओहम’चा ओंकाराशी संबंध जोडून टाळ्या घेणाऱ्या वक्त्यांना कोणीतरी सांगावे की, तो गेओर्ग ओहम या जर्मन शिक्षकाचा आडनावापुरता शब्द आहे, आणि त्याने आपला नियम 1827 मध्ये प्रसिद्ध केला.

राहता राहिली शक्ती. पॉवरला ‘शक्ती’च म्हणावे, ऊर्जा वेगळी. शक्ती म्हणजे ऊर्जा खर्च होण्याचा वेग, तो वॅटमध्ये मोजतात, आणि वीजबिलातले युनिट ऊर्जेचे असते: 2001 वॅटचा हा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट होते. तेव्हा चिरंजीवांनी दुसऱ्या उत्तरापुढचे ‘युनिट’ खोडून तेथे ‘वॅट’ लिहावे.