दोन सुट्ट्या म्हणजे तिथलं हवामान नव्हे

पत्र: ताई, मी ५६ वर्षांची आहे. हे पुढच्या वर्षी निवृत्त होतील. उकाड्याला कंटाळून त्यांनी डोंगरातल्या एका थंड गावात कायमचं राहायला जायचं मनावर घेतलंय. आम्ही तिथे दोनदा सुट्टीत राहिलोय. हवा सुरेख आहे, पण तिथली भाषा मला येत नाही आणि ओळखीचं कोणी नाही. इथे पंचवीस वर्षांच्या मैत्रिणी आहेत. 'हवेची सवय होईल तशी माणसांचीही होईल,' असं हे म्हणतात. मी स्वार्थीपणा करतेय का?

उत्तर: मुळीच नाही. हा शब्द आधी मनातून काढून टाका.

तुमच्या यजमानांचंही चुकत नाही हो. दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळल्याशिवाय अंग गार होत नाही. वय वाढतं तसा हा त्रास जास्तच होतो. हजार मीटर उंची चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. त्यांना तिथे बरं वाटलं ते काही मनाचे खेळ नाहीत.

पण तुम्ही गेलात ते सुट्टीत, चांगले दिवस बघून. एखाद्या ठिकाणचं हवामान सांगायला शास्त्रज्ञ ३० वर्षांच्या नोंदींची सरासरी धरतात. पावसाळी डोंगरात चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. कपाट उघडलं की कोंदट वास येतो, कोपऱ्यातल्या चामडी चपलांवर पांढरी बुरशी धरलेली असते. धुकं खिडकीतून बघायला छान, पण रात्री औषध आणायला त्यातूनच गाडी काढावी लागते.

१९९८ साली डेव्हिड श्काडे आणि डॅनियल कानेमन यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. छान हवेच्या कॅलिफोर्नियातले लोक जास्त सुखी असणार, असं सगळ्यांनाच वाटत होतं. प्रत्यक्षात तिथले आणि मध्य-पश्चिम भागातले विद्यार्थी आयुष्याबद्दल जवळपास सारखेच समाधानी निघाले. जागेचा विचार करताना हवा डोळ्यांसमोर येते. रोजचा दिवस मात्र इतर शंभर गोष्टींनी भरलेला असतो.

त्यातली मोठी गोष्ट म्हणजे माणसं. उन्हाची सवय शरीराला एक-दोन आठवड्यांत बरीचशी होते. माणसांची तशी होत नाही. लग्नानंतर मी तीन वर्षं परभाषेच्या गावात काढली. कामापुरतं बोलता यायचं, हिशेब कळायचा. पण बसस्टॉपवर मागे दोघी हसल्या की त्या मलाच हसल्या असं वाटायचं. एक दिवस त्यांच्यातल्या एका विनोदावर मलाही आपसूक हसू आलं, आणि त्या दिवसापासून ते गाव मला थोडं थोडं माझं वाटू लागलं. मधे पावणेदोन वर्षं गेली होती. तेव्हा मी पंचविशीत होते, हेही लक्षात घ्या.

म्हणून माझं सांगणं असं, की तिथला सर्वांत वाईट महिना कोणता ते स्थानिकांना विचारा आणि नेमका त्याच महिन्यात भाड्याच्या घरात राहून बघा. हॉटेलात नको. घरकाम, बँक, दवाखाना सगळं स्वतः करा, आणि निम्मं यजमानांना करू द्या. संध्याकाळी तुम्ही एकट्या फिरायला निघालात तर लोक कसे बघतात, बायका कुठे जमतात, शेजारची दारं उघडी असतात की लावलेली, हे बघा. भाषा शिकायला आजपासून लागा, दोघांनीही. तुम्ही एकटीनेच शिकायची आणि त्यांनी नुसती हवा खायची, हे मला पटणार नाही.

आणि तो महिना पार पडेपर्यंत इथलं घर विकायचा विषय घरात काढू देऊ नका. यजमानांना हे पत्र वाचायला दिलंत तरी चालेल.