पसरणी घाट उतरताना ब्रेकचा जळका वास येतो, रोजच्या गाडीला रेसिंगचे ब्रेक पॅड टाकू का?

रेसिंगचे नकोच, रस्त्यासाठी बनवलेले चांगले सेमी-मेटॅलिक (धातूचे कण मिसळलेले) पॅड घ्या. गॅरेजमध्ये रोज हेच काम करतो: ट्रॅकचे पॅड तापल्याशिवाय नीट धरत नाहीत, आणि सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर पहिला ब्रेक दाबाल तेव्हा ते गारच असणार. वर किंचाळतात, डिस्क खातात ते वेगळंच. पण आधी पेडल कसं लागतं ते बघा. कडक लागूनही गाडी थांबत नसेल तर पॅड प्रमाणाबाहेर तापलेत. स्पंजासारखं खाली जात असेल तर बहुधा ब्रेक ऑइल उकळतंय. नवं डॉट ४ प्रतीचं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, पाणी मुरलं की १५५ पर्यंत घसरतं. तिथे महागडे पॅडही काही करणार नाहीत. आणि घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरताय ना, म्हणजे इंजिनच गाडी रोखून धरेल?