पांढऱ्या कातडीवरच जखमा? यकृत तपासून घ्या

प्रश्न : आमची घोडी पंचकल्याण आहे. पंधरा दिवसांपासून तोंडावरचा पट्टा, नाकपुड्या आणि चारही पायांचा पांढरा भाग लाल होऊन सोलतोय. मलमाने फरक नाही. खाणंही कमी झालंय. दिवसभर माळावर चरते. काय करावं? (एक शेतकरी, ता. शहादा)

उत्तर : दादा, आधी घोडीला सावलीत बांधा, मग पुढचं वाचा.

जखमेची कड नीट बघा. पांढरे केस संपून तांबडे सुरू होतात, नेमकी तिथेच जखम थांबते का? खरूज अशी रंग बघून थांबत नाही. थांबत असेल तर हे उन्हाने झालंय, आणि खाणं कमी झालंय म्हणून मला संशय यकृताचा आहे. हिरवा चारा पचताना हरितद्रव्यातून फायलोएरिथ्रिन नावाचं द्रव्य तयार होतं. धड यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकतं. यकृत बिघडलं की ते रक्तातून कातडीत उतरतं आणि ऊन लागताच गुलाबी कातडी भाजते. काळ्या कातडीला तिच्या रंगाचं संरक्षण असतं. नुकऱ्याचं (पूर्ण पांढऱ्या घोड्याचं) तर सगळं अंगच गुलाबी, त्याला जास्त जपा.

माळावर खुळखुळा हे विषारी झुडूप आहे का, बघा. पिवळी फुलं, वाळलेल्या शेंगा हलवल्या की आत बिया वाजतात. त्याचं विष वाळल्यावरही जात नाही, त्यामुळे गवताबरोबर कापला गेला तर गंजीतूनही पोटात जातो. यकृताचा त्रास कधी कधी खाल्ल्यानंतर काही महिन्यांनी दिसतो. म्हणून मागच्या हंगामातला चाराही आठवून पाहा. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाणा पेंड देत असाल तर आजच बंद करा.

पशुवैद्यकांकडून रक्त तपासून घ्या : जीजीटी, एएसटी, बिलिरुबिन. यकृत कसं आहे ते या तपासण्यांवरून कळतं. नुसत्या पिवळ्या डोळ्यांवरून ठरवू नका. उपाशी घोड्याचे डोळे यकृत चांगलं असतानाही पिवळसर दिसतात.

तोवर दिवसा तबेल्यातच ठेवा. डॉक्टर सांगेपर्यंत हिरवा चारा थांबवून स्वच्छ वाळलेलं गवत किंवा कडबा दिवसातून चार-पाच वेळा थोडा थोडा द्या. त्यांनी परवानगी दिली की चरायला सोडा, पण सूर्य मावळल्यावर, तेही खुळखुळा नसलेल्या जागी. जखमा कोमट मिठाच्या पाण्याने धुवा, खपल्या ओढू नका. कोरड्या झाल्या की झिंक ऑक्साईडचं मलम लावा आणि माश्या बसू देऊ नका. वेदनाशामक इंजेक्शन आपल्या मनाने नको, त्याचा भारही यकृतावरच पडतो.

घोडी भिंतीला डोकं टेकवून उभी राहिली, गोल गोल फिरू लागली किंवा सारख्या जांभया देऊ लागली, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री डॉक्टरांना बोलवा.