बेसबॉलमध्ये आईचा आणि घरच्यांचा वाटा किती असतो?

तुम्ही विचारलंय की बेसबॉलच्या गोष्टींत बाप आणि मुलगाच चेंडू टाकताना दिसतात, मग आई कुठे असते? माझं उत्तर असं की पुष्कळ घरांत खेळाचा खर्च आणि भार आईनेच उचललाय. मैदानावरच्या आकड्यांत तो दिसत नाही एवढंच.

लू गेरिगचं घर बघा. न्यूयॉर्क यांकीजकडून सलग 2130 सामने खेळलेला हा माणूस जर्मनीहून आलेल्या गरीब जोडप्याचा मुलगा. झालेल्या चार मुलांपैकी हा एकटाच जगला. वडिलांच्या तब्येतीचा आणि कामाचा भरवसा नव्हता, त्यामुळे घर चालायचं ते आई क्रिस्टिनाच्या कष्टांवर. लोकांकडे धुणं, साफसफाई आणि कोलंबिया विद्यापीठातल्या मुलांच्या एका घरात स्वयंपाक. लू पुढे त्याच विद्यापीठात शिकायला गेला. त्याने इंजिनिअर व्हावं असा तिचा हट्ट होता, आणि हा हट्ट आपल्या घरांना काही परका नाही. खेळापायी पोरगा आयुष्य फुकट घालवणार असं तिला वाटायचं. पण 1923 मध्ये घरात आजारपण आणि पैशांची चणचण, म्हणून त्याने शिक्षण सोडून यांकीजशी करार केला. दुर्धर आजाराने खेळ थांबल्यावर 4 जुलै 1939 ला त्याने निरोपाचं भाषण केलं. त्यात मुलाला शिकवण्यासाठी जन्मभर राबलेल्या आईवडिलांचे आभार आहेत, बायकोचे आहेत, आणि सासूचेही आहेत, कारण नवराबायकोच्या भांडणात ती स्वतःच्या मुलीविरुद्ध जावयाची बाजू घ्यायची! मला हे भाषण फार आवडतं ते या घरगुती तपशिलासाठी.

जॅकी रॉबिन्सनची आई मॅली हिचंही नाव घ्यायलाच हवं. नवरा सोडून गेल्यावर 1920 मध्ये ती पाच मुलांना घेऊन जॉर्जियातून कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाला गेली आणि घरकामं करून तिने त्यांना वाढवलं. पुढे 1947 मध्ये तिच्या धाकट्याने, म्हणजे जॅकीने, मेजर लीगमधली (अमेरिकेतली बेसबॉलची सर्वांत वरची व्यावसायिक लीग) वर्णभेदाची भिंत पाडली; तोवर तिथे काळ्या खेळाडूंना घेत नसत. जॅकीचा मोठा भाऊ मॅक 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये 200 मीटर धावण्यात रौप्यपदक घेऊन आला होता.

आता स्वतः खेळलेली आई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत स्त्रियांची व्यावसायिक बेसबॉल लीग सुरू झाली, ती 1943 ते 1954 चालली. तिथे व्हँकूव्हरची हेलन कॅलाघन डाव्या हाताने फलंदाजी करायची. 1945 मध्ये .299 च्या सरासरीने ती लीगमध्ये पहिली आली, म्हणजे फलंदाजीच्या दर दहा वेळांत जवळपास तीन हिट (चेंडू टोलवून बाद न होता बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या टप्प्यावर, पोचणं). मूल झाल्यावरही ती परत मैदानात उतरली, तेही स्कर्ट घालून. त्या मुलींना गणवेश म्हणून तोच दिलेला असायचा आणि त्यातच घसरत बेस गाठायचा, मांड्या सोलवटून निघायच्या. तिचा मुलगा केसी कँडेल 1986 ते 1997 या काळात मेजर लीगमध्ये खेळला. लोक केसीच्या घराण्याचा विषय काढतात तेव्हा बापाची चौकशी करतात, पण त्या घरातली फलंदाज आई होती!

आणखी एक आई मला सारखी आठवते, डॉमिनिकन रिपब्लिकची अल्ताग्रासिया. तिथली पोरं सोळा-सतराव्या वर्षी करार करून परदेशी येतात. भाषा येत नाही, जेवण घशाखाली उतरत नाही. तिचा मुलगा व्लादिमिर गेरेरो माँट्रियलला खेळत होता तेव्हा ती त्याच्याकडे राहून भात, घेवडा, चिकन असं घरचं रांधायची आणि डबे स्टेडियमवर पाठवायची. समोरच्या संघात गावाकडची पोरं असली तर त्यांच्यासाठीही. तो कॅलिफोर्नियातल्या एंजल्स संघाकडे गेला तरी हे थांबलं नाही. गेरेरो 2018 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला. दुसऱ्याच वर्षी त्याचा मुलगा टोरांटोकडून खेळू लागला, तर नातवाच्या स्वयंपाकघरातही आजीच उभी होती.