काझीरंगात शिकार कमी झाली, मग गेंडा आता सुरक्षित आहे का?

शिकारीपुरतं बोलायचं तर बऱ्याच अंशी हो. 2022 मध्ये आसामात एकाही गेंड्याची शिकार झाली नाही. त्याआधी सप्टेंबर 2021 मध्ये सरकारने साठ्यातली 2,479 शिंगं जाहीरपणे जाळली. शिंग म्हणजे नखांसारखंच केराटिन, औषध नव्हेच.

खरी काळजी जागेची. ब्रह्मपुत्रेला पूर आला की जनावरं कार्बी आंगलाँगच्या डोंगरांकडे निघतात आणि मधे महामार्ग आडवा येतो. पुराच्या दिवसांत तिथे गाड्यांना वेळ लिहिलेलं कार्ड देतात; फार लवकर पोचलात तर वेग मोडल्याचा दंड. हे चांगलंच आहे, पण पुरेसं नाही. गवताळ कुरणांना पूर हवाच असतो, म्हणून डोंगराकडच्या वाटा बांधकामं आणि खाणींपासून मोकळ्या ठेवणं मला सगळ्यात तातडीचं वाटतं.