पोरीला शिबिराला पाठवू का, मॅडम?

उन्हाळा लागला की यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या शाळांत मी समुपदेशनाला जाते, तिथे हा प्रश्न ठरलेला असतो. लेकरू आजवर एक रात्रही घराबाहेर राहिलेलं नाही, त्याला निवासी शिबिराला पाठवावं का? त्यातलीच एक हकीकत आईवडिलांच्या संमतीने सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी नववीतून दहावीत गेलेली. वर्ध्याजवळ दहा दिवसांचं नागरिकशास्त्राचं शिबिर होतं, शाळेतून तिचं एकटीचं नाव आलं. वडील पऱ्हाटी वेचायचं काम टाकून भेटायला आले. संमतीपत्र चार घड्या घालून हातात धरलेलं, घामाने मऊ पडलेलं. "मॅडम, दहावीचं वर्ष. अन् पोरीच्या जातीले हे राजकारण कायले पाहिजे?"

"भाऊ, तुमच्या गावची सरपंच कोण?"

"बाईच हाये."

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. गावात ते रोज डोळ्यांसमोर होतं, आपल्या लेकीपर्यंत मात्र त्यांचा विचार पोचला नव्हता.

त्यांची खरी काळजी दुसरीच होती आणि ती रास्त होती: रात्री मुलींजवळ कोण? म्हटलं, इथूनच फोन लावा. पलीकडून "सगळी सोय आहे, काळजी करू नका" एवढंच आलं. मी पुन्हा लावायला सांगितलं. याला उत्तर म्हणत नाहीत. मुलींच्या खोलीपाशी कोणत्या बाई झोपतात, त्यांचा नंबर काय, घरी फोन कधी करू देतात, पाळी आली तर काय व्यवस्था, ४५ अंशांच्या उन्हात दुपारी पोरं कुठे असतात, दवाखाना किती लांब. दुसऱ्या वेळी त्या बाई स्वतः फोनवर आल्या, एकेक सांगत गेल्या, तेव्हा कुठे वडील खुर्चीला टेकून बसले. आपण अडाणी दिसू म्हणून पालक हे विचारत नाहीत. कृपा करून विचारा. जिथे उत्तर टाळतात तिथे लेकरू पाठवू नका.

या सगळ्यात मुलगी गप्प. एकटीला बसवलं तेव्हा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "तिथं नागपूर-अमरावतीच्या पोरी येतीन. मी बोलली का हासतीन. मले त्याईच्यावानी बोलता येत नाही."

घरात पंधरा दिवस खल चालला होता आणि तिला कोणी विचारलंच नव्हतं!

पंचायतींना घटनेत स्थान देणारी ७३वी घटनादुरुस्ती तिला पाठ होती. ती बाजूला ठेवून मी पाण्याचं विचारलं. "टँकर दोन दिवसाआड येते. वरच्या मोहल्ल्यात पयले थांबते. आमच्याइकडं येईस्तोवर गढूळ तेवढं उरते. आई मजुरी पाडून उभी राह्यते."

म्हटलं, बाळा, ग्रामसभेत हेच बोलायचं असतं. पुढच्या दोन भेटींत ती हेच उभं राहून बोलली, एकदा माझ्यापुढे, एकदा आईपुढे. १ मेच्या ग्रामसभेला आईने तिला सोबत नेलं. अठरा पूर्ण नाहीत, मतदार यादीत नाव नाही, म्हणून फक्त ऐकायचं. पण सगळी सभा आपल्या वऱ्हाडीतच चालते, भांडणंही त्याच बोलीत होतात, हे तिने डोळ्यांनी पाहिलं.

निघायच्या आधी आईला सांगून ठेवलं, दुसऱ्या-तिसऱ्या रात्री ती रडेल. लगेच आणायला धावू नका, पण कोणी त्रास देतं का, हे सरळ विचारा. तिसऱ्या रात्री फोन आलाच. आईने विचारलं. त्रास नव्हता, घराची आठवण येत होती. "बाबाले पाठवतो" हे ओठावर आलेलं आईने गिळलं आणि बराच वेळ नुसतं ऐकून घेतलं.

दहा दिवसांत ती सगळ्यांपुढे एकदाच बोलली, शेवटच्या दिवशीच्या अभिरूप ग्रामसभेत, टँकरवरच. दोघीजणी हसल्या, हेही तिने मला सांगितलं.

"मग?"

"मंग मी अजून एक खेप सांगतलं. हळू."

आमच्याकडे जूनअखेर शाळा उघडल्या तेव्हा वडील भेटले. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा होते का, असं विचारत होते. म्हटलं, कायद्यातच आहे. आई जाणार आहे. टँकरचा अर्ज लेक लिहून देते आहे.